एकाच कॉम्प्युटरवर दोघं फोटोशॉप वापरतो, पॅनेलं रोज विस्कटलेली असतात. मांडणी कामानुसार कशी लावायची आणि जपायची?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात नौपाड्यातल्या फोटो स्टुडिओत काम आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि सणासुदीला फ्लेक्स, सगळं एकाच मशीनवर. मॉनिटर जुना, १३६६ बाय ७६८ चा. सकाळी एक जण बसतो, दुपारनंतर दुसरा. रोज पॅनेलं हललेली, कधी टूलबारच गायब. कायमचा उपाय काय?

उत्तर:

तिन्ही कामांसाठी एकच मांडणी करायला जाऊ नका, ती कुठल्याच कामाला नीट बसत नाही. तीन वेगळे वर्कस्पेस (नाव देऊन जपलेल्या पॅनेलांच्या मांडण्या) करा आणि त्यांना कामाची नावं द्या: पासपोर्ट, अल्बम, फ्लेक्स. माणसांची नावं देऊ नका. माणसाच्या नावाने केलेल्या वर्कस्पेसमध्ये जो तो आपल्या सवयीचं सगळं भरत जातो आणि महिन्याभरात परत गर्दी होते.

आधी मांडणी विस्कटते का ते समजून घ्या, कारण बरेच जण इथेच फसतात. तुम्ही नाव देऊन जपलेली मांडणी फोटोशॉप एका जागी ठेवतो, आणि त्याच नावाखाली सध्या जशी चालू आहे ती दुसऱ्या जागी. दुपारच्या माणसाने लेयर्सचं पॅनेल ओढून भलतीकडे टाकलं की चालू मांडणी बदलते, जपलेली तशीच राहते. तुम्ही सकाळी येऊन विंडो > वर्कस्पेस मधून 'पासपोर्ट' निवडलंत तरी समोर त्याची विस्कटलेलीच मांडणी येते, आणि वाटतं की सेव्ह झालंच नव्हतं. झालेलं असतं. त्याच मेनूत 'रीसेट पासपोर्ट' असा पर्याय असतो, तो दाबला की तुम्ही जपलेली मांडणी परत येते. बसल्या बसल्या आधी रीसेट, मग काम, एवढं दोघांनी ठरवलंत तरी निम्मी कटकट संपते. एडिट > कीबोर्ड शॉर्टकट्स मध्ये ॲप्लिकेशन मेनूज निवडून विंडोच्या यादीत या रीसेटला स्वतःचा शॉर्टकटही देता येतो. नव्या आवृत्त्यांत विंडो > वर्कस्पेस > लॉक वर्कस्पेस आहे. त्यावर खूण केली की माऊसचा चुकून धक्का लागून पॅनेल जागचं हलत नाही. सामायिक मशीनवर ते चालूच ठेवा.

आता मांडणी. सुरुवात 'इसेन्शिअल्स' पासून करा, आधी ते रीसेट करून घ्या. मग भर घालण्याऐवजी काढायला लागा. लर्न, लायब्ररीज, कलर, ग्रेडियंट्स, पॅटर्न्स यातलं स्टुडिओच्या रोजच्या कामात फारसं काही लागत नाही. पॅनेलच्या नावावर राइट क्लिक करून क्लोज करा, किंवा क्लोज टॅब ग्रुप करून सगळा गट एकदम घालवा. घाबरू नका, काहीही पुसलं जात नाही, प्रत्येक पॅनेल विंडो मेनूत नावाने सापडतं.

पॅनेल हलवताना नावाला धरून ओढलं तर ते एकटं येतं, गटाच्या वरच्या रिकाम्या पट्टीला धरलं तर अख्खा गट येतो. जिथे निळी रेघ किंवा निळी चौकट दिसते तिथे ते चिकटणार. दोन गटांमध्ये आडवी रेघ दिसली तर ते खाली-वर बसतं, गटाभोवती चौकट दिसली तर त्याच गटात नवा टॅब होतो. चिकटायला नको असेल तर ओढताना कंट्रोल दाबून ठेवा. नावावर डबल क्लिक केलं की पॅनेल मिटून फक्त पट्टी उरते. पॅनेलं चिकटलेल्या उभ्या पट्ट्याला डॉक म्हणतात. त्याच्या वरच्या कोपऱ्यात दुहेरी बाण आहे, त्याने सगळा डॉक आयकॉनमध्ये गुंडाळला जातो. आयकॉनशेजारची नावं जागा खात असतील तर डॉकची कड आत सरकवा, नुसती चित्रं उरतात.

तुमच्या मॉनिटरवर रुंदीपेक्षा उंचीची चणचण जास्त आहे, ७६८ पिक्सेल फार कमी पडतात. म्हणून या गोष्टी आधी करा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के असेल तर १०० वर आणा. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-के दाबून प्रेफरन्सेस उघडा, इंटरफेसमध्ये यूआय फॉन्ट साइज 'टायनी' ठेवा, डोळ्यांना त्रास झाला तर 'स्मॉल'. हा बदल फोटोशॉप बंद करून उघडल्यावरच दिसतो. जनरलमध्ये 'यूज लेगसी न्यू डॉक्युमेंट इंटरफेस' वर खूण करा, नवीन फाइलची ती मोठी खिडकी जाऊन जुनी छोटी येते. होम स्क्रीन आपोआप दाखवण्याची खूणही तिथेच आहे, ती काढा. टूल्समध्ये 'शो रिच टूलटिप्स' बंद करा, नाहीतर टूलवर जरा माऊस थांबला की हलतं चित्र असलेली चौकट फोटोवर येऊन बसते. नव्या आवृत्तीत फोटोखाली तरंगणारी कॉन्टेक्स्च्युअल टास्क बार नावाची पट्टी येते, ती विंडो मेनूतून खूण काढून घालवा. छोट्या स्क्रीनवर ती नेमकी चेहऱ्याखाली, गळ्यापाशी येते, आणि पासपोर्टच्या फोटोत कॉलर साफ करायची असते तिथेच.

टूलबार छाटायचा तर एडिट > टूलबार. डावीकडे दिसणारी टूलं, उजवीकडे 'एक्स्ट्रा टूल्स'. जे लागत नाही ते उजवीकडे ओढा, ते तीन ठिपक्यांच्या मागे जाऊन बसतं. मूव्ह, दोन्ही मार्की, लॅसो, क्विक सिलेक्शन, क्रॉप, आयड्रॉपर, स्पॉट हीलिंग, पॅच, ब्रश, क्लोन स्टॅम्प, डॉज आणि बर्न, पेन, टाइप, हँड, झूम एवढ्यात स्टुडिओचं सगळं काम निभतं. याच खिडकीत 'डिसेबल शॉर्टकट्स फॉर हिडन टूलबार एक्स्ट्राज' अशी खूण आहे. ती केली की लपवलेलं टूल चुकीची कळ दाबून हातात येत नाही. मी ती करायला सांगेन, कारण आर्टबोर्ड किंवा स्लाइस टूल कधी हातात आलं ते न कळल्याने लोक अर्धा तास गोंधळलेले असतात.

मांडणी झाली की विंडो > वर्कस्पेस > न्यू वर्कस्पेस. नाव टाकताना खाली कीबोर्ड शॉर्टकट्स, मेनूज आणि टूलबार अशा तीन खुणा असतात. नुसती पॅनेलांची जागा आपोआप जपली जाते, या तीन गोष्टी खूण केल्याशिवाय नाही. टूलबारवर खूण नसेल तर तिन्ही वर्कस्पेसना एकच टूलबार लागू राहतो आणि अल्बमसाठी केलेला बदल पासपोर्टमध्येही दिसायला लागतो. पुढे मांडणीत सुधारणा केलीत तर परत न्यू वर्कस्पेस करून तेच नाव द्या, जुन्यावर लिहू का असं विचारेल, हो म्हणा. आणि जो वर्कस्पेस चालू आहे तो डिलीट होत नाही, आधी दुसऱ्यावर जावं लागतं.

वर्कस्पेसमध्ये काय जपलं जात नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. रूलरचं माप, इंटरफेसचा रंग, कलर सेटिंग्ज हे सगळं प्रेफरन्स आहे, तिन्ही वर्कस्पेसना सामायिक. गाइड्स, म्हणजे जुळवणीसाठी टाकलेल्या रेघा, त्या त्या फाइलबरोबर जातात. म्हणजे फ्लेक्सवाल्याने रूलर इंचात केला की पासपोर्टवाल्यालाही इंचच दिसणार. कंट्रोल-आर ने रूलर आणा आणि रूलरवरच राइट क्लिक करा, मापांची यादी येते, मिलिमीटर निवडा. प्रेफरन्समध्ये जायची गरज नाही.

पासपोर्टच्या वर्कस्पेसमध्ये उजवीकडे फक्त लेयर्स आणि ॲक्शन्स (एकदा रेकॉर्ड करून परत परत चालवायच्या पायऱ्या) ठेवा, बाकी काही नको. ॲक्शन्सच्या पॅनेल मेनूत 'बटन मोड' आहे. तो केला की प्रत्येक ॲक्शन एक रंगीत बटण होतं: 'पांढरी पार्श्वभूमी', 'आठ प्रती', 'प्रिंट'. बटन मोडमध्ये ॲक्शन दुरुस्त करता येत नाही, त्यासाठी खूण काढावी लागते, आणि दोघांच्या मशीनवर हा फायदाच आहे, कारण चुकून कुणी रेकॉर्ड दाबत नाही. ॲक्शनला फंक्शन की देताना जपून. एफ५ ब्रशचं पॅनेल, एफ६ कलर, एफ७ लेयर्स, एफ८ इन्फो उघडतं-मिटतं, या कळा ॲक्शनला दिल्यात तर पॅनेलची सोय जाते. शिफ्ट जोडून द्या. एफ१२ म्हणजे रिव्हर्ट, फाइल शेवटच्या सेव्हवर नेऊन ठेवणारी कळ. ती कशालाच देऊ नका, नाहीतर ही सवय घेऊन दुसऱ्या मशीनवर बसलात की तिथे झालेलं काम उडेल.

४ बाय ६ इंचाच्या कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसतात, कागद आडवा धरून चार रांगेत, दोन ओळी. प्रत्येक वेळी डोळ्याने जुळवण्यापेक्षा व्ह्यू मेनूतलं न्यू गाइड लेआउट वापरा. कॉलम ४, रुंदी ३५ मिमी, गटर म्हणजे मधली फट २ मिमी, रो २, उंची ४५ मिमी, गटर २ मिमी. चार फोटो आणि तीन फटी मिळून १४६ मिमी होतात, कागद १५२.४ मिमी, म्हणून 'सेंटर कॉलम्स' वर खूण करा, दोन्ही बाजूंना सारखी जागा सुटते. उभं केंद्र मात्र तो स्वतः करत नाही. कागदाची उंची १०१.६ मिमी, त्यातून दोन ओळी आणि एका फटीचे ९२ मिमी वजा जाता ९.६ उरतात, त्यामुळे मार्जिनमध्ये वरच्या बाजूला ४.८ मिमी टाका. मग वरच्या प्रीसेटच्या यादीतून याला नाव देऊन सेव्ह करा. गाइड फाइलबरोबर जात असल्या तरी हा प्रीसेट प्रत्येक नव्या फाइलला एका क्लिकमध्ये लागतो. क्रॉप टूलच्या ऑप्शन्स बारमध्येही ३५ मिमी, ४५ मिमी, रिझोल्यूशन ३०० असं भरून 'न्यू क्रॉप प्रीसेट' करून ठेवा. आकड्यापुढे 'मिमी'चं इंग्रजी लघुरूप टाकायला विसरू नका, नाहीतर चालू माप धरलं जातं आणि ३५ इंचाचा क्रॉप होऊन मशीन घुसमटतं.

अल्बमचं गणित वेगळं. १२ बाय ३६ इंचाचं पान ३०० पीपीआयवर (दर इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय १०८०० पिक्सेल होतं, तुमच्या मॉनिटरवर ते पूर्ण बसवलं की झूम दहा टक्क्यांच्या आसपास येतो. त्या झूमला चेहऱ्याची त्वचा कळतच नाही आणि झूम केलं की पानाचा तोल दिसत नाही. उपाय असा: विंडो > अरेंज मध्ये 'न्यू विंडो फॉर' आणि पुढे फाइलचं नाव असा पर्याय आहे, तो घ्या, मग अरेंजमध्येच '२-अप हॉरिझॉन्टल'. पान आडवं असल्याने खाली-वर मांडणी सोयीची पडते. वरच्या खिडकीत कंट्रोल-शून्य करून अख्खं पान, खालच्या खिडकीत कंट्रोल-१ करून शंभर टक्क्यांवर चेहरा. फाइल एकच आहे, त्यामुळे खाली ब्रश फिरवला की वर लगेच दिसतो. खिडक्यांची ही जोडी मात्र वर्कस्पेसमध्ये जपली जात नाही, प्रत्येक फाइलला करावी लागते.

अल्बमच्या पानावर लेयर पंचवीस-तीस होतात, आणि लेयर्समध्ये सगळे थंबनेल सारखेच पांढरे ठिपके दिसतात, कारण एवढ्या मोठ्या पानावर एक छोटा फोटो म्हणजे ठिपकाच. लेयर्सच्या मेनूत 'पॅनेल ऑप्शन्स' उघडा, थंबनेलचा आकार मधला ठेवा आणि 'थंबनेल कंटेंट्स' मध्ये 'लेयर बाउंड्स' निवडा. आता थंबनेलमध्ये तो फोटो चौकटभर दिसतो आणि नवरीची मावशी कुठल्या लेयरवर आहे ते नाव न वाचता सापडतं. त्याच खिडकीत कॉपी केलेल्या लेयरच्या नावामागे 'कॉपी' जोडण्याची खूण आहे, ती काढा, नावं आटोपशीर राहतात. या वर्कस्पेसमध्ये लेयर्सला डॉकची जवळजवळ सगळी उंची द्या, प्रॉपर्टीज आणि ॲडजस्टमेंट्स शेजारी आयकॉन करून ठेवा, हिस्टोग्राम वर छोटा. पानाच्या बरोबर मध्ये, १८ इंचावर, व्ह्यू > न्यू गाइड ने उभी गाइड टाका. घडी तिथे येते, तिच्यावर कुणाचा चेहरा जाऊ देऊ नका.

अल्बम प्रिंट होऊन आले की स्क्रीनपेक्षा काळपट दिसतात, ही तक्रार बहुतेक स्टुडिओंत ऐकू येते. मॉनिटरचा ब्राइटनेस हे मोठं कारण, पण इंटरफेसचा रंगही त्यात भर घालतो. भोवताली गडद काळा असेल तर फोटो डोळ्यांना आहे त्याहून उजळ वाटतो, मग आपण तो आणखी गडद करतो, आणि पांढऱ्या कागदावर तो काळवंडलेला निघतो. म्हणून फोटोभोवतीच्या करड्या जागेवर राइट क्लिक करा आणि 'लाइट ग्रे' किंवा 'मीडियम ग्रे' घ्या. पॅनेलांची थीम हवी तर गडद ठेवा, पण अल्बमच्या कामात फोटोला लागून असलेली ही जागा करडीच हवी. रंगीत तर मुळीच नको. कुणी गंमत म्हणून तिथे लाल किंवा निळा रंग दिला तर त्वचेचा रंग नीट ओळखूच येत नाही. ठरवायची वेळ आली की टॅब दाबून पॅनेलं लपवा आणि मग बघा.

फ्लेक्सच्या वर्कस्पेसला कॅरॅक्टर आणि पॅरेग्राफ ही पॅनेलं उघडी हवीत, लेयर्सच्या वर. दहीहंडी, गणपती, टेंभी नाक्याची नवरात्र जवळ आली की ठाण्यात फ्लेक्सवर मजकूरच भरपूर असतो, नावंच नावं, आणि तो सगळा मराठीत. युनिकोडमध्ये टाइप केल्यावर जोडाक्षरं तुटत असतील, वेलांटी भलत्या बाजूला जात असेल, तर ती फॉन्टची चूक धरू नका, आधी प्रेफरन्सेस > टाइप बघा. टेक्स्ट इंजिनचा पर्याय दिसत असेल तर तिथे आवृत्तीप्रमाणे 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' किंवा 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. ते पुढच्या फाइलपासून लागू होतं. मग पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर निवडा.

फूट हे माप फोटोशॉपच्या रूलरमध्ये नाहीच, म्हणून इंचातच विचार करा. १० बाय ६ फूट म्हणजे १२० बाय ७२ इंच, ७२ पीपीआयला ८६४० बाय ५१८४ पिक्सेल. जुन्या मशीनला एवढी फाइल जड जाते. या कामात लेयर्सच्या पॅनेल ऑप्शन्समध्ये थंबनेल 'नन' करा, प्रत्येक बदलाला सगळी छोटी चित्रं नव्याने काढण्याचं काम वाचतं. प्रेफरन्सेस > परफॉर्मन्स मध्ये हिस्टरी स्टेट्स मुळात ५० असतात, रॅम कमी असेल तर २० वर आणा. हा आकडाही तिन्ही वर्कस्पेसना सामायिक असतो, हे लक्षात ठेवा.

मराठी टायपिंगमुळे आणखी एक घोळ होतो. फोनेटिक कीबोर्ड चालू राहिला तर बी दाबून ब्रश येत नाही, व्ही दाबून मूव्ह येत नाही, आणि माणूस म्हणतो शॉर्टकट बिघडले. विंडोज कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या. टाइप टूलमधून बाहेर पडायला कंट्रोल-एंटर दाबा, नाहीतर कळा अक्षरं उमटवत राहतात.

काही गायब झालं की रीसेटच्या आधी एवढं तपासा. सगळी पॅनेलं गेली तर टॅब दबला आहे, परत दाबा. टूलबार सोडून बाकीची गेली तर शिफ्ट-टॅब. वरचा मेनू गेला तर एफ, पूर्ववत होईपर्यंत दाबत जा. गाइड आणि सिलेक्शनची धावती रेघ दोन्ही दिसेनात, तर कंट्रोल-एच. ब्रशचा गोल जाऊन नुसतं फुलीसारखं चिन्ह आलं तर कॅप्स लॉक चालू आहे. फोटो तिरका दिसतो पण रूलर सरळ आहे, तर आर दबून रोटेट व्ह्यू झालंय, ते टूल हातात असताना एस्केप दाबा. फक्त टूलबार नसेल तर विंडो मेनूच्या तळाशी 'टूल्स' वर खूण करा. दुसरा मॉनिटर काढल्यावर पॅनेलं सापडत नसतील तर ती त्या मॉनिटरच्या जागेवरच उघडी असतात, तिथे मात्र रीसेटच लागतो.

जिंप हा फोटोशॉपसारखा फुकटचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी थोडं: त्यात नाव देऊन वर्कस्पेस जपायची सोय नाही. विंडोज > सिंगल-विंडो मोड चालू ठेवा, डॉक लावून घ्या, मग प्रेफरन्सेसमधल्या विंडो मॅनेजमेंटमध्ये 'सेव्ह विंडो पोझिशन्स ऑन एक्झिट' ची खूण काढून 'सेव्ह विंडो पोझिशन्स नाऊ' दाबा. आता कुणी काहीही हलवलं तरी पुढच्या वेळी उघडल्यावर तुम्ही जपलेलीच मांडणी येते. दोघांच्या मशीनवर ही रीत फोटोशॉपपेक्षाही सरळ आहे.

शेवटचं काम, आणि ते आजच करा: या मांडण्यांची प्रत पेन ड्राइव्हवर. आधी फोटोशॉप बंद करा, तो बंद होताना सेटिंग्ज लिहितो. विंडोज कळ आणि आर दाबून रनमध्ये टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा, परत टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत टाइप करा, फाइल एक्सप्लोरर थेट रोमिंगमध्ये उघडतो. तिथे अडोबी, त्यात तुमच्या आवृत्तीचं फोल्डर, त्यात सेटिंग्ज, त्यात 'वर्कस्पेसेस'. शेजारी कंसात 'मॉडिफाइड' लिहिलेलं जुळं फोल्डरही दिसेल, चालू विस्कटलेल्या मांडण्या त्यात असतात, ते सोडा. 'वर्कस्पेसेस' मधल्या पासपोर्ट, अल्बम, फ्लेक्स या फाइली कॉपी करा. मशीन फॉरमॅट झालं किंवा कुणी फोटोशॉप सुरू होताना कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट धरून प्रेफरन्सेस उडवले, तर याच जागी परत टाका आणि फोटोशॉप उघडा, नावं वर्कस्पेसच्या मेनूत दिसतील. हे फोल्डर विंडोजच्या प्रत्येक लॉगिनला वेगळं असतं, त्यामुळे तुम्ही दोघांनी दोन लॉगिन केलीत तर फाइली दोन्हीकडे टाकाव्या लागतील.